कट किती घ्यायचा ते तुमच्या हातात: ‘एल्डन रिंग’सारखे गेम खरंच इतके अवघड असतात का?

दिवाळीत कोल्हापुरात, राजारामपुरीत ताईकडे गेलो, तर दाजी दारातच म्हणाले, "पावणं, तुमच्या भाच्याकडं जरा बघा. एक म्हातारा त्याला तीन दिवस झाले हाणतोय."

आत भाचा फरशीवर मांडी घालून टीव्हीसमोर. पडद्यावर शिंगं आणि शेपूट असलेला, हातात वाकडी काठी घेतलेला म्हातारा. काठी वर गेली, भाचा बाजूला लोळला, काठी खालीच आली नाही. तो उठून उभा राहिला आणि मग आली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: तू मेलास. भाच्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पुन्हा सुरू.

"पैसे देऊन मार खायचा, ह्यात मजा काय हो?" दाजींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि तो फक्त दाजींचा नाही. पोरं ज्याला अभिमानानं ‘विषय हार्ड’ म्हणतात, ते हार्ड म्हणजे नेमकं काय असतं, हे गेम न खेळणाऱ्याला कुणी नीट सांगत नाही. खेळणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. भाच्यालाही नव्हतं.

## बोटांचा खेळ आणि आकड्यांचा खेळ

जुन्या मारिओमध्ये सगळ्यांचा मारिओ सारखाच. तुमची बोटं जितकी तयार, तितके तुम्ही पुढं. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, वेगळा असतो. त्यात पात्र तुम्ही घडवता: ताकद किती, जीव किती, जादू येते का, हातात काय. त्यामागं आकडे असतात. आणि ॲक्शन आरपीजीत दोन्ही लागतं, बोटंही आणि आकडेही. आपले बहुतेक घोळ इथंच होतात, कारण मरणाचं खापर आपण बोटांवर फोडतो आणि चूक बसलेली असते आकड्यांत.

ह्या प्रकाराला ‘अवघड’ ही ओळख मिळवून दिली जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनं. २००९ साली ‘डीमन्स सोल्स’, २०११ साली ‘डार्क सोल्स’, आणि २५ फेब्रुवारी २०२२ ला ‘एल्डन रिंग’. तिन्हींमागं हिदेताका मियाझाकी हे नाव. ‘एल्डन रिंग’च्या अडीच कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. एवढी माणसं नुसता मार खायला पैसे देत असतील, असं मला वाटत नाही.

मरण्याचा नियम आधी सांगतो, कारण बाहेरच्याला तोच सर्वात क्रूर वाटतो. शत्रू मारले की ‘रून’ मिळतात. रून हाच पैसा आणि रून हाच अनुभव. वस्तूही त्यातूनच घ्यायच्या आणि अंगातले गुणही त्यातूनच वाढवायचे. मेलात की सगळे रून मेल्या जागी पडतात. तिथवर परत पोचलात तर तुमचे. वाटेत पुन्हा मेलात तर गेले. सेव्ह करून ठेवून मागं जायची सोय नाही.

## बिल्ड म्हणजे खुराक कुठं लागला

लहानपणी दोन वर्षं मी गंगावेश तालमीत जात होतो. दिवे काही लावले नाहीत, पण एक गोष्ट डोक्यात राहिली. वस्ताद सगळ्या पोरांना एकच मेहनत देत नसत. जाडजूड पोराला जोर-बैठकांबरोबर पळायला लावायचे, काटक्या पोराला दूध-बदाम आणि मानेची मेहनत. एकाला ढाक शिकवायचे, दुसऱ्याला सांगायचे, तू फक्त पट काढ. ज्याच्या अंगाला जे बसेल ते.

बिल्ड म्हणजे हेच. ‘एल्डन रिंग’मध्ये पात्राचे आठ गुण असतात. त्यातले तीन इथं पुरेत: व्हिगर म्हणजे जीव, एन्ड्युरन्स म्हणजे दम आणि ओझं पेलायची क्षमता, स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद. उरलेले चपळाई, बुद्धी, श्रद्धा, जादूसाठी लागणारं मन असे. एक लेव्हल चढलात की एक गुण वाढवता येतो, एकच. तो कुठं टाकायचा हे तुम्ही ठरवता, आणि प्रत्येक लेव्हल आधीच्यापेक्षा महाग होत जाते. सुरुवातीला दहा प्रकारची पात्रं असतात. भाच्यानं सामुराई घेतला होता. का, तर दिसायला भारी.

## भाच्याचा हिशोब

मी त्याला म्हटलं, थांब, खेळू नको, तुझे आकडे दाखव. लेव्हल ३५. सामुराई नवव्या लेव्हलला सुरू होतो, म्हणजे भाच्यानं २६ गुण स्वतः वाटले होते.

ते गेले कुठं? कॅलिड नावाच्या प्रांतात घोडा पळवत जाऊन त्यानं एक अजस्र तलवार आणली होती. ती पेलायला ताकद ३१ लागते. सामुराईची ताकद असते १२, म्हणून १९ गुण ताकदीत. उरलेले सात बुद्धीत, कारण "थोडी जादू पण असू दे की मामा." जादू त्यानं एकदाही वापरली नव्हती. जीव सुरुवातीला १२ होता, अजूनही १२च.

जीव १२ म्हणजे पडद्यावरच्या पट्टीत ४५५ पॉइंट. समजा, म्हाताऱ्याच्या एका फटक्याला अडीचशे जातात. पहिल्या फटक्याला २०५ उरले, दुसऱ्याला खेळ खलास.

आता गंमत बघा. ही तलवार दोन्ही हातांनी धरली की गेम ताकद दीडपट मोजतो. २१ ची ३१ होते. म्हणजे १९ गुणांचं काम नऊ गुणांत झालं असतं, आणि भाचा तलवार धरत होता ती तशीही दोन्ही हातांनीच! दहा गुण तिथं वाया, सात बुद्धीत वाया. हेच १७ गुण जीवात टाकले असते तर जीव २९ झाला असता, म्हणजे ९५० च्या वर पॉइंट. तोच गेम, तीच लेव्हल, तीच तलवार, तीच बोटं. फक्त वाटप बदललं की दुसऱ्याऐवजी चौथ्या फटक्याला मरण.

दोन फटके जास्त मिळून काय होतं? मला ह्या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं ते इथंच आहे. दहा सेकंदांत चितपट झालेल्या पोराला समोरच्याचा पहिला डाव कळतो, बाकीचे कळतच नाहीत. पाच मिनिटं टिकला तर समोरचा कधी पट काढतो, कधी हूल देतो, दम कधी लागतो, हे त्याच्या अंगात उतरतं. म्हणजे जीव वाढवला की तुम्ही नुसते जास्त वेळ जगत नाही, शिकायला जास्त वेळ मिळतो. भाचा तीन दिवस मेहनत करत होता, पण म्हाताऱ्याचे पहिले दोनच डाव बघत होता.

## मग सगळे गुण जीवातच टाकायचे का? नाही.

शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. उसाला युरियाची पहिली पोती टाकली की फरक नजरेला दिसतो. त्यावर अजून टाकली तर थोडा. त्याच्याही पुढं टाकत गेलात तर खताचा पैसा जातो, टनेज तिथंच राहतं.

गेममध्येही अशी वळणं ठरलेली असतात. खेळाडू त्यांना ‘सॉफ्ट कॅप’ म्हणतात: ज्या आकड्यानंतर प्रत्येक गुणाचा फायदा घटतो. जीव २५ ला ८०० पॉइंट, ४० ला १४५०, ६० ला १९००, आणि शेवटच्या ९९ ला २१००. भागाकार करून बघा. २५ ते ४० मध्ये एका गुणाला सरासरी ४३ पॉइंट मिळतात. ४० ते ६० मध्ये साधारण २२. साठनंतर जेमतेम पाच. म्हणून जाणकार पोरं सांगतात, आधी जीव ४० पर्यंत न्या, शेवटाकडं ६०, आणि तिथं थांबा. ह्यात जादू काही नाही, नुसता भागाकार आहे.

## लोहाराकडं गेला होतास का?

दुसरा प्रश्न मी विचारला, तलवार किती घडवलीस? भाचा म्हणाला, "तीन. पुढं जातच नाही."

जात नव्हती, कारण सुरुवातीच्या पडक्या चर्चमधल्या ऐरणीवर हत्यार फक्त तीनपर्यंतच घडतं. पुढचं काम राउंडटेबल होल्ड नावाच्या ठिकाणी बसलेला ह्यूग हा लोहार करतो. साधं हत्यार तो पंचविसाव्या पायरीपर्यंत नेतो, खास हत्यार दहापर्यंत. भाचा त्या लोहाराच्या समोरून दोनदा गेला होता. त्याला वाटलं, कुणीतरी कथा सांगणारा म्हातारा असेल.

हत्यारावर एक अक्षर असतं, एस, ए, बी, सी, डी, ई. तुमच्या गुणाचा त्या हत्याराला किती फायदा होतो ते त्या अक्षरावरून कळतं. पण मूळ हत्यारच बोथट असेल तर अंगातली ताकद त्यात उतरत नाही. सुरुवातीच्या काळात दहा गुण ताकदीत टाकण्यापेक्षा ऐरणीवरच्या चार पायऱ्या जास्त कामाला येतात. बोथट कोयता घेऊन फडात उतरलेल्याला तुम्ही "दंड कमाव" म्हणणार, की "धार लावून आण"?

## दोन ट्रॉल्या आणि बगलडूब

तिसरी चूक तर मला खेळणं बघतानाच दिसली होती. भाचा लोळत नव्हता, धप्पकन आदळत होता.

अंगावरचं चिलखत, हत्यारं, ढाल ह्या सगळ्याचं वजन तुमच्या पेलायच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर गेलं की पात्राची कोलांटी जड होते. ३० च्या खाली असेल तर एकदम हलकी. मधल्या पट्ट्यात बहुतेकांचं भागतं. दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर वळण कसा घेतो ते हंगामात रोज बघतोच आपण. भाच्याच्या पाठीवर अजस्र तलवार, त्याशिवाय सुरुवातीची कटाना म्हणजे जपानी तलवार, धनुष्य, आणि पूर्ण चिलखत. धनुष्य कशाला? "असू दे."

कोलांटीत एक बारकी खिडकी असते. अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ तुम्हाला काहीच लागत नाही, काठी अंगातून आरपार गेली तरी. म्हणून मागं पळण्यापेक्षा फटक्याच्या दिशेनं आत लोळणं बऱ्याचदा बरं. तालमीतल्या माणसाला हे चटकन कळेल: बगलडूब मारणारा मागं सरकत नाही, समोरच्याच्या हाताखालून आत शिरतो.

ह्या मार्गिट नावाच्या म्हाताऱ्याची खोड अशी की तो काठी वर नेतो आणि थांबतो. घाबरून आधीच लोळलात की ती खिडकी संपते आणि मग काठी येते. चक्क हूल. बनवणाऱ्यांनी तो पहिल्याच मोठ्या लढाईत उभा केलाय, बटणं नुसती बडवणाऱ्याला थांबवायला. मला हे आवडतं. पण कॅमेरा? अवाढव्य ड्रॅगनच्या पायाशी उभं राहिलं की पडद्यावर फक्त त्याचं पोट दिसतं, आणि तिथं आलेलं मरण माझ्या हिशोबात माझं नाही.

## ‘सोपं’ असं बटण का ठेवत नाहीत?

हा वाद दर गेमला पेटतो. पुष्कळ गेममध्ये सुरुवातीलाच विचारतात: सोपं, मध्यम, अवघड? ‘एल्डन रिंग’ विचारत नाही. पण म्हणून सगळ्यांना सारखंच तिखट खावं लागतं, असं नाही.

मिसळीच्या हॉटेलात बसा. काही ठिकाणी ऑर्डर देतानाच सांगावं लागतं, "कमी तिखट." आपल्याकडं बऱ्याच जागी मिसळ एकच, ब्रेडही तोच, पण कटाचं भांडं टेबलावर वेगळं येतं. कुणी चमचाभर घेतो, कुणी तांबडी तर्री वरून ओतून घेतो आणि घाम पुसत खातो. मिसळ बदललेली नसते, पळी तुमच्या हातात असते.

‘एल्डन रिंग’ची पळी म्हणजे बिल्ड. ढाल आणि भाला घेऊन ढालीआडून टोचत राहा, तिखट कमी. लांबून जादू फेका, आणखी कमी. आत्म्यांची राख वापरून मदतीला सोबती उभे करा, त्यातला एक तर हुबेहूब तुमचीच नक्कल असतो. इंटरनेटवरून खऱ्या माणसाला हाक मारा. म्हातारा जमत नाही? घोडा काढा आणि दुसऱ्या दिशेला जा, दहा लेव्हल चढून या, तो तिथंच असतो. उलट ज्यांना घामच हवाय ते पहिल्या लेव्हलचं ‘रेच’ पात्र घेतात, सगळे गुण दहा, हातात सोटा, आणि एकही लेव्हल न चढता शेवट गाठतात.

२०२२ मध्ये एक खेळाडू गाजला. डोक्यावर मडकं, अंगावर लंगोटाएवढं वस्त्र, हातात दोन कटाना. मलेनिया नावाच्या भयंकर शत्रूपुढं अडकलेल्या अनोळखी लोकांच्या हाकेला जायचा आणि एकटाच तिला पाडून यायचा. पुढं प्रकाशक कंपनीनं त्याला खरी तलवार भेट पाठवली. खासबागेच्या कुस्ती मैदानात असता तर फेटा बांधला असता.

मी म्हणतोय ते उलट बाजूनं तपासायचं तर त्याच कंपनीचा २०१९ चा ‘सेकिरो’ बघा. त्यात पात्र ठरलेलं, मुख्य तलवार एकच, मदतीला कुणाला बोलवता येत नाही. बिल्ड जवळपास नाहीच, म्हणजे पळीच काढून घेतलेली. ‘एल्डन रिंग’ संपवणारे किती जण ‘सेकिरो’त पहिल्या काही तासांत हात टेकतात! माझ्या मते खरा अवघड तो.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. ज्याचा हात थरथरतो, ज्याला एकाच हातानं खेळावं लागतं, त्याला पळी दाखवून उपयोग काय? ‘सेलेस्ट’ ह्या २०१८ च्या गेममध्ये खेळाची गतीच कमी करता येते. ‘हेडीज’मध्ये एक सोय चालू केली की अंगावर येणारा मार सुरुवातीला २० टक्के कमी होतो आणि दर मरणागणिक आणखी दोन टक्के, ८० टक्क्यांपर्यंत. दोन्ही गेमची चव त्यानं बिघडली नाही. ‘एल्डन रिंग’वाल्यांनी असं काही ठेवलं असतं तर कुणाच्या ताटातलं कमी झालं नसतं.

## इंटरनेटवरचा बिल्ड उतरवला तर ती चीटिंग?

वस्तादाकडून डाव शिकणं चीटिंग असेल तर हो. अडचण वेगळी आहे. व्हिडिओतल्या माणसाचा बिल्ड १५० व्या लेव्हलचा असतो आणि पोरं ३५ व्या लेव्हलला तेच चिलखत घालायला बघतात. शेवट बघून सुरुवात करता येत नाही. चुकलंच, तर गुण परत वाटायची सोय आहे, पण ती रेनाला नावाच्या राणीला हरवल्यावर मिळते आणि दर वेळी एक दुर्मिळ वस्तू लागते.

## मातीतला पैलवान मॅटवर

२१ जून २०२४ ला ‘एल्डन रिंग’ला ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ ही नव्या प्रदेशाची जोड आली आणि भलेभले, दोन वर्षं खेळून दीडशेव्या लेव्हलला पोचलेले, पहिल्याच तासात लोळले. बोंब उठली. कारण साधं होतं: नव्या प्रदेशात जुन्या लेव्हलपेक्षा वेगळाच एक आशीर्वाद महत्त्वाचा होता, आणि तो वाढवायला तिथंच हिंडून तुकडे गोळा करावे लागत. एकूण ५० तुकडे, २० पायऱ्या. तुकडे न उचलता सरळ लढायला गेलेले मार खात होते. मातीतला गडी मॅटवर उभा केला तर पहिल्या दिवशी त्याची तीच गत होते, ताकद असून. आठवड्याच्या आतच कंपनीनं सुरुवातीच्या पायऱ्यांचा फायदा वाढवून दिला. म्हणजे आकडा थोडा चुकला होता, असं त्यांनीही मानलं म्हणायचं.

## दाजींची शेवटची शंका

"ते सरकारनं बंद केलं ते हेच काय?" नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला तो पैसे लावून, पैसे जिंकायच्या आशेनं खेळायच्या ऑनलाइन गेमवर. इथं एकदा विकत घेतला की पैसे लावणं नाही आणि जिंकणंही नाही. रून रंकाळ्यावर भेळवालासुद्धा घेणार नाही. वेळ जातो, हे खरं. तो किती घालवायचा ते ताईनं ठरवायचं.

त्या संध्याकाळी भाच्यानं धनुष्य, कटाना आणि शिरस्त्राण उतरवून ठेवलं. लोहाराला भेटला. म्हाताऱ्याला सोडून दक्षिणेकडं हिंडायला गेला, आणि पुढचे नऊ गुण गुमान जीवात टाकले. मग परत म्हातारा उभा असतो त्या पुलावर. पहिल्या खेपेला मेला, पण म्हाताऱ्यानं उजेडाचा हातोडा काढलेला त्यानं पहिल्यांदाच पाहिला. "मामा, ह्याच्याकडं हे पण आहे?"

दाजी पेपर घेऊन मागं बसले होते. चौथ्या खेपेला पेपर खाली आला. सहाव्या खेपेला म्हणाले, "आरं, काठी वर गेली म्हणून लोळू नको. त्याचा खांदा बघ. खांदा हलला की मग." खासबागेत पन्नास वर्षं कुस्त्या बघितलेला माणूस. भाच्यानं खांदा बघितला.

नवव्या खेपेला म्हातारा पडला. भाचा ओरडला, ताई आतून ओरडली, आणि दाजी चष्मा सारखा करत म्हणाले, "आणि तो सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार? पहिल्या दिवशी तुला तुडवून गेला तो? त्याचं राहिलंच की."